हनीफभाईंची होडी

रोज सकाळी दालन उघडलं की हनीफभाई आधी चित्रातल्या होडीतली माणसं मोजतात. अबुधाबीतल्या आमच्या म्युझियममध्ये ते पहारेकरी आहेत आणि मी शाळेच्या मुलांना चित्रं समजावणारी गाईड. "अकरा माणसं, एक गाय. सगळी पुरी!" हे मला सांगितल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नाही.

चित्र चारशे वर्षांपूर्वीच्या एका फ्लेमिश, म्हणजे आजच्या बेल्जियमकडच्या, चित्रकाराचं. पुढे तपकिरी काठ, मध्ये हिरवी नदी, मागे निळे डोंगर. हनीफभाई रत्नागिरीकडचे, अर्धा जन्म खाडीकाठी गेलेला, त्यामुळे पाण्यावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. एखादं पोर बाटली घेऊन जवळ गेलं की ओरडतात, "यल्ला, चल मागे! आधीच होडी भरलीय!" पोरं खिदळतात, "अंकल, इट्स जस्ट अ पेंटिंग!"

एकदा मी त्यांना सांगितलं, की चित्रकाराच्या त्या सपाट मुलखात डोंगर नाहीतच. आल्प्स बघून आलेल्या आधीच्या चित्रकारांकडून यानं ते उचलले. होडी तर थेट त्याच्या गुरूच्या चित्रातली.

"म्हंजे डोंगर उसने, होडी उसनी. मग बुडाली तर जबाबदार कोण, मॅडम?"



मागच्या आठवड्यात चित्राचा एक्स-रे निघाला. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. "हनीफभाई, गंमत ऐका! गुरूच्या चित्रात आहे तसाच यानंही सुकाणूपाशी बारावा माणूस काढला होता. मग रंगाखाली बुजवून टाकला."

हनीफभाई पांढरेफटक पडले. "बुजवला? मग तो गेला कुठं?"

मी चेष्टा करणार होते, पण ते बोट नाचवत होडीतली माणसं पुन्हा मोजू लागले. मग त्यांच्याकडूनच हळूहळू कळलं. त्यांचा मुलगा मालवाहू जहाजावर आहे. नऊ दिवस त्याचा फोन नाही, आणि कंपनी नुसतं "चेक कर रहे हैं" म्हणते. हनीफभाईंनी मनाशी धरलं होतं, की होडीत माणसं पुरी आहेत तोवर पोरगा सुखरूप आहे. आणि मी एक माणूस कमी करून ठेवला होता.

काठावरची ठिपक्याएवढी आकृती दाखवत मी म्हटलं, "हा बघा ना. तो आधीच उतरलाय." हे मी तिथल्या तिथे रचलं होतं.

जमिनीवरची रेघ ओलांडून ते चित्रापाशी वाकले. ती ओलांडायला पहारेकऱ्यालाही मनाई आहे. मग त्यांनी खिशातून फोन काढला.

"मॅडम, त्याच्या अम्मीला कळवू? उतरला म्हणून?"