बसून ऐकायचं संगीत

भीमराज मास्तरांनी अख्ख्या कोल्हारात छातीठोक सांगितलं होतं, "या बँडपुढं कुनी नाचनार न्हाई. मानसं खुर्चीवर बसून ऐकतील."

मास्तर भिंगारला लष्कराच्या बँडात होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी गावातली लग्नात वाजवणारी पोरं धरून शिकवली आणि त्यांच्यासाठी स्वतः एक रचना बांधली, 'प्रवरेची संध्याकाळ'. जन्मभर लोकांनी त्यांचं वाजवणं पायांनी ऐकलं, परेडीत नाहीतर वरातीत. एकदा तरी कुणी ते कानांनी ऐकावं, एवढीच त्यांची इच्छा.

तालमी मळ्यात उभ्यानं झाल्या. खुर्च्या मिळाल्या त्या थेट मंगल कार्यालयात, कार्यक्रमाच्या वेळी. पोरं पहिल्यांदाच बसून वाजवू लागली आणि संध्याकाळ कोलमडली. क्लॅरिनेट पुढं, ढोल मागं, ट्रम्पेट भलत्याच गावाला.

"मास्तर, बसल्यावर ताल घावंना," क्लॅरिनेटवाला कानिफनाथ कुजबुजला. "आमचा ताल पायात हाय."

"मग उठा. कदमताल करा. पन जाग्यावरच, बरं का."

पोरं उठली. पाय हलले आणि सूर असे जुळले, जशी दावणीची गुरं आपापल्या खुंट्याला यावीत. सभागृह गप्प. पहिल्या रांगेत मास्तरांच्या विमलबाई पदर सावरून बसलेल्या. मास्तरांचे डोळे भरून आले. आता फक्त शेवटचा संथ भाग उरला होता.

पण इतका देखणा कदमताल पाहून मास्तरांची छाती फुगली, हात वर गेला आणि जुन्या सवयीनं तोंडातून निघून गेलं, "आगे बढ!"

बँड आगे बढला. स्टेजच्या पायऱ्या उतरून, खुर्च्यांमधून, थेट दाराबाहेर.

"अरे, थांबा!" मास्तर ओरडले. ढोलापुढं ऐकतो कोण?

काकासाहेब सरपंच फेटा सावरत उठले. "चला, वरात निघाली."

"कुनाची?" शेजारच्यानं विचारलं.

"ते फुडं कळंलच की."

बँड निघाला की मागं निघायचं, एवढंच गावाला ठाऊक. दारापाशी पोचेपर्यंत रुमाल निघाले, रस्त्यावर नाच सुरू झाला.

मास्तर रिकाम्या खुर्च्यांपुढं ताल द्यायची काठी धरून उभे राहिले. पहिल्या रांगेत विमलबाई मात्र तशाच बसलेल्या. मास्तर जवळ गेले.

"तू तरी बसून ऐकलंस."

"बसू न्हाई तर काय करू? गुडगा धरलाय," विमलबाई म्हणाल्या. "अवं, जरा हात द्या. नाक्यापर्यंत गाठू त्यास्नी."