चतुर्थीच्या आत कादंबरी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. सुधाकरभाऊंच्या कादंबरीचं शेवटचं प्रकरण माझ्या हातून छापायचं राहिलं. वाचकांना ते कळलं नाही, भाऊंनाही कळलं नाही. फक्त एक माणूस पेणला यायचा होता, तो त्यामुळे आला नाही.

पण आधी भाऊ कोण ते सांगायला हवं.

पेणमध्ये आमच्या शेजारी राहणारे सुधाकरभाऊ स्वतःची कादंबरी विकतात ती तोंडावर रुमाल टाकून. पुस्तकाच्या तोंडावर. मुखपृष्ठ झाकायचं, प्रत गिऱ्हाइकाच्या दोन्ही हातांवर ठेवायची आणि बजावायचं, "रुमाल घरी गेल्यावर काढा. वाटेत बघायचं नाय." उभा जन्म गणपतीच्या कारखान्यात गेलेला. मूर्तीचे डोळे काढायचे, त्याला आखणी म्हणतात, ते त्यांचं काम. हात कापायला लागला तसा त्यांनी ब्रश खाली ठेवला आणि पेन उचललं. "अक्षर वाकडं आलं तर चालतं," ते म्हणाले. "नजर वाकडी आली तर देव वाया जातो."

कादंबरी कशी लिहितात हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. एकच धंदा येत होता, त्याच रीतीनं त्यांनी हाही केला. दिवाळी झाली की माती मळायची, म्हणजे गोष्ट मनात घोळवायची. माघापर्यंत साचा. मग सांधे घासून गुळगुळीत करायचे. पुढे वैशाखात सगळे कागद माळ्यावर वाळत ठेवायचे, कारण ओल्यावर रंग धरत नाही. या काळात कुणी नायकाची चौकशी केली की वहिनी सांगत, "तो वर वाळतोय. खाली आला की पाठवते."

मापंही तीच. शंभर पानांची असेल तर घरगुती, चारशेची असेल तर सार्वजनिक. सार्वजनिक त्यांनी एकदाच लिहायला घेतली आणि सोडून दिली. "पात्रं वर्गणी मागायला आल्यासारखी येतात, आन् काय घेतल्याबिगर जात नायत."

सुरुवातीला मी त्यांना पुण्याच्या एका प्रकाशकाकडे घेऊन गेलो होतो. ते गृहस्थ चांगले होते. म्हणाले, वर्षभर थांबावं लागेल. भाऊ चहा अर्धा टाकून उठले. "चतुर्थी टळल्यावर गणपती कोण नेतो?" जिना उतरता उतरता त्यांनी ठरवलं, कारखाना आपला, माल आपला. मागणी येईल तशी प्रत छापून देणारी एक कंपनी मी इंटरनेटवर शोधली. टायपिंग, मांडणी, मुखपृष्ठ माझ्याकडे आलं. मी रोह्याजवळ धाटावला केमिकल कंपनीत असतो, दिवसभर पडद्यावर टाक्यांचं तापमान बघतो. पण आळीच्या हिशेबानं मी कॉम्प्युटरवाला.

चतुर्थी झाली की विक्री बंद. दिवाळीत नागोठण्याचे एक मास्तर खास पुस्तक घ्यायला आले, तर भाऊ त्यांना म्हणाले, "पुढल्या वर्षी लवकर बुक करा." घरात प्रती होत्या. वहिनी कपाळावर हात मारून म्हणाल्या, "अहो, पुस्तक हाय ते. त्याचं काय विसर्जन करायचंय?"

"तुला धंद्यातलं कळत नाय गो," भाऊ म्हणाले.

त्यांचे आणखी दोन नियम आहेत, आणि माझा घोळ त्या दोन्हींत अडकलेला आहे. एक, डोळे सगळ्यात शेवटी. म्हणून शेवटचं प्रकरण फाईल पाठवायच्या अगदी अखेरच्या दिवशी लिहायचं, आधी नाही. दुसरा, मूर्ती एकदा कारखान्यातून गेली की तिच्याकडे वळून बघायचं नाही. म्हणून स्वतःचं छापलेलं पुस्तक ते कधीच उघडत नाहीत.

ही कादंबरी घरगुती होती. मूर्तिकार दोन भाऊ. धाकटा माती सोडून कंपनीत लागतो, थोरला त्याच्याशी बोलणं टाकतो. बऱ्याच वर्षांनी एका चतुर्थीला धाकटा दाराशी येतो. गोष्ट कुणाची ते आळीत सगळ्यांना ठाऊक होतं. भाऊंचे धाकटे भाऊ पांडुरंग धाटावला कंपनीत लागले आणि रोह्याला राहिले. एका गणपतीत ते खरंच आले होते. भाऊ आत बसून राहिले आणि पांडुरंग परत गेले. तरी भाऊ सांगत, "सगळं मनचं हाय. नुसती नावं बदललीयत."

श्रावण संपत आला होता. शेवटचं प्रकरण सोडून माझी फाईल तयार होती. तिच्यातली शेवटची ओळ होती, 'कडी वाजली. थोरला जागचा हलला नाही.' कामावर निघताना भाऊंनी मला गाठलं आणि चार कागद रुमालात बांधून दिले. "डोळे हायत. घरी जाऊन बघ." मी ते स्कूटरच्या डिकीत टाकले. कंपनीत बदलीचा माणूस आला नाही, दुसरी शिफ्टही करावी लागली. घरी येऊन झोपेच्या अमलात मी फाईल पाठवून दिली. ती पुरी वाटत होती, हेच वाईट झालं.

पुस्तक आलं आणि लोक शेवटावरच बोलायला लागले. इंटरनेटवर एका तरुण मुलीनं लिहिलं, लेखकानं वाचकाच्या तोंडावर दार लावलं आहे आणि असं दार लावायला धैर्य लागतं. मी हे भाऊंना वाचून दाखवलं. त्यातलं दार त्यांना नीट कळलं नसावं. म्हणाले, "शेवट मनापासून लिवला. लिवताना रडलो."

गाडीचे कागद शोधताना डिकीत रुमाल सापडला. तिथंच उभ्यानं वाचलं. थोरला उठतो. दार उघडेपर्यंत धाकटा निघून गेलेला असतो, तसा तो अनवाणी एसटी स्टँडपर्यंत पळतो, सुटणारी गाडी थांबवतो आणि म्हणतो, "पांडू, माझं चुकलं. चल, नैवेद्य थांबलाय." पुस्तकभर धाकट्याचं नाव किसन आहे. इथं नाव बदलायचं भाऊ विसरले होते.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण सांगायचं म्हणजे, लोक ज्याला वाहवा म्हणतायत ते तुम्ही लिहिलेलंच नाही, असं सांगायचं. मी गप्प राहिलो. गप्प राहणं मला पहिल्यापासून जमतं.

मग रोह्याच्या एका वाचनालयानं भाऊंचा सत्कार ठेवला. भाऊंनी इस्त्रीचा सदरा घातला, शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवून जागा धरली. वक्ते अर्धा वेळ शेवटावर बोलले. भाऊ मान हलवत होते, पण नजर दाराकडे. नारळ घेतानासुद्धा दाराकडेच.

परतीच्या एसटीत कोलाड मागे पडल्यावर ते म्हणाले, "दिन्या, पयली प्रत पांडूला पाठवलेली. पोचली. वाचली असंल ना?"

"असेल."

"पुरी?"

"लहानच आहे. पुरी वाचली असेल."

बराच वेळ ते नारळाची शेंडी विंचरत बसले.

"मंग शेवट वाचूनबी नाय आला," ते म्हणाले. "त्याचं बरोबर हाय. दाराशी आलेल्याला मी उभा ठेवला. आता कागदावर उठलो म्हणून काय झालं?" आणि मलाच धीर दिल्यासारखं गुडघ्यावर थापटून म्हणाले, "पुढल्या साली सार्वजनिक लिवतो. एवढी मोठी बघून तरी येईल."

आता ती सार्वजनिक माळ्यावर वाळते आहे. पात्रं फार झालीत, वहिनींची अडगळ खाली आली आहे, आणि भाऊ खूश आहेत. पांडुरंगच्या घरावरून मी रोज कामाला जातो. ते बाहेर झोपाळ्यावर बसलेले दिसतात. कपाळ अगदी भाऊंसारखं आहे. एकदा स्कूटर थांबवली, मग चाकातली हवा बघितल्यासारखं केलं आणि निघालो.

पांडुरंगना मी चार कागद देणं लागतो. भाऊंना, ते इतके दिवस का दिले नाहीत, हे सांगणं लागतो.