वळणावरची गादी

गादी जिन्याच्या वळणावर अडकली तेव्हा सकाळचे साडेआठ वाजले होते, आणि परवान्याच्या तपासनीस बाई दहाला येणार होत्या.

"अजून ढकल!" वरून नवऱ्याचा आवाज आला. तो गादीच्या पलीकडे होता. बायकोला आपण दिसत नाही म्हटल्यावर तो जरा जास्तच अधिकाराने बोलत होता.

"ढकलतेच आहे! तू ओढतोयस, की नुसता धरून उभा आहेस?" सूनबाईने खालून विचारलं.

"ओढतोय की!"

"मग हलत का नाही?"

"तिलाच विचार."

घर एकशे ऐंशी वर्षांचं होतं. बांधणाऱ्यांनी आधी हातभर जाडीच्या भिंती उभ्या केल्या आणि मग उरलेल्या जागेत जिना कोंबला. वरच्या खोलीतला पलंग आधी झाला आणि घर नंतर त्याच्याभोवती बांधलं, असं सासरे पाहुण्यांना सांगत. सासरे पाहुण्यांना बरंच काही सांगत. दिवाणखान्यातल्या खुर्चीत एक सेनापती तहाच्या आधी तीन दिवस रुसून बसला होता, हेही त्यांचंच. खुर्ची त्यांनी स्वतः भंगारवाल्याकडून आणली होती. पाहुणे तिच्यासोबत फोटो काढत.

गादी मागवावी लागली ती वर उतरलेल्या मुख्याध्यापिकाबाईंमुळे. बाई निवृत्त झाल्या होत्या. त्यांची पाठ तेवढी अजून त्रास द्यायची थांबली नव्हती. महिनाभर राहायला आल्या आणि पहिल्याच दिवशी जुनी गादी एका बोटाने दाबून म्हणाल्या, "हिला शिस्त नाही." मग सूनबाईने दुकानातली सगळ्यात कडक गादी मागवली. टेम्पोवाल्याने ती दारात उतरवताना विचारलं होतं, "ताई, गादीच आहे ना? मला वाटलं दरवाजा."

सहा वर्षांपूर्वी सूनबाईने चांगली नोकरी सोडून या घराचं अतिथिगृह केलं होतं. घर विकायचं चाललं होतं, ते त्यामुळे वाचलं. आज परवान्याचा शेवटचा दिवस होता. शिक्का बसला नाही, तर उद्यापासून पाहुणे बंद, आणि घर विकायचा विषय पुन्हा सुरू.

नऊ वाजता आणखी एक गोष्ट लक्षात आली. स्वयंपाकघर खाली होतं आणि न्हाणीघर, संडास सगळं वर. म्हणजे वरच्यांना चहा नाही आणि खालच्यांना सोय नाही. वरच्यांचं सोपं होतं. नवऱ्याने सज्जातून दोरी सोडली, सूनबाईने पिशवीत थर्मास ठेवला. खाली सासऱ्यांचा सकाळपासून तिसरा कप झाला होता. ते शेजारच्या दंतवैद्याकडे दोनदा दात दाखवून आले. तोंडात पूर्ण कवळी होती.

"कठडा कापू या का?" नवऱ्याने वरून विचारलं.

"खबरदार!" सासरे गरजले. "एकशे ऐंशी वर्षांचा कठडा आहे!"

"बाबा, तो मागच्या वर्षी सुतारकाकांनी बसवलाय."

"मग त्यांनाच विचारा," सासरे म्हणाले.

सुतारकाकांना फोन गेला. पण सुतारकाकांच्या आधी तपासनीस बाई आल्या. दहाला म्हणजे दहाला.

"चहा घ्या ना आधी," सूनबाई म्हणाली.

"झालाय. वर जाऊ या."

"मग पाणी?"

"वर जाऊन पिते." त्या चालत जिन्यापाशी गेल्या आणि थांबल्या. "हे काय?"

"त्याचं असं आहे," सासरे पुढे सरसावले, "जुन्या काळी शत्रू वर चढू नये म्हणून..."

"बाबा."

"गादी आहे," सासरे म्हणाले.

"सहा वर्षं मी हा जिना चढतेय," तपासनीस बाई म्हणाल्या. "वरच्या खोल्या पाहिल्याशिवाय शिक्का नाही. तुम्ही दोघं बाजूला व्हा, मीच ढकलते."

तिघांनी मिळून खांदे लावले. वरून नवऱ्याने ओढलं. जिना कण्हला, गादी गप्प राहिली.

"एकेकाने गोंधळ करा!" वरून मुख्याध्यापिकाबाईंचा आवाज आला. चौघंही आपोआप ताठ उभे राहिले, हात गादीवरच.

तेवढ्यात सुतारकाका पोचले. बॅटरी घेऊन जिन्याखाली वाकले. आधी त्यांनी बोटाने तुळई ठोकली. टक. टक. मग जरा पुढे, वरच्या टप्प्याखाली, ठोकली. तिथे आवाज आला नाही. बोट आत गेलं.

त्यांनी बोट बाहेर काढून भुसा झटकला.

"हे ढकललं कोणी?"

"आम्ही," सूनबाई म्हणाली. "का हो काका? आणखी जरा जोर लावला असता तर गेली असती ना वर?"

"नाही. जिना आला असता खाली." त्यांनी बॅटरी विझवली. "तुळई आतून वाळवीनं खाल्लीय. वरनं रंग आहे, म्हणून दिसत नाही. सध्या वरचा टप्पा या गादीवर उभा आहे. हात काढा सगळ्यांनी. हळू."

सगळ्यांनी हळू हात काढले. सूनबाई खालच्या पायरीवर बसणार होती, पण विचार बदलून जमिनीवर बसली. मुख्याध्यापिकाबाई रोज नऊला खाली नाश्त्याला येत. आज नऊला त्यांना गादीने अडवलं होतं. दहाला तपासनीस बाईंना.

तपासनीस बाईंनी फाइल उघडली. मागची सहा पानं उलटली. सहाही पानांवर लिहिलं होतं : 'जिना : मजबूत.' खाली त्यांचीच सही.

"मी आज चढणार होते," त्या हळूच म्हणाल्या.

"हो," सूनबाई म्हणाली.

"हातात फाइल घेऊन."

मग त्यांनी पेन काढलं आणि लिहिलं : 'जिन्याला तात्पुरता आधार : आहे. प्रकार : गादी, कडक.' परवान्याला महिन्याची मुदतवाढ दिली, तोवर पाहुणे खाली, त्यांच्यासाठी परसात तात्पुरतं न्हाणीघर-संडास, जिना नवा, असं बजावलं आणि शिक्का मारला. सुतारकाकांनी टेकू लावून वरच्या दोघांना एकेक करून उतरवलं. जाताना तपासनीस बाईंनी आजूबाजूला बघितलं, आणि कोणी बघत नाही असं वाटून गादीवर दोनदा थोपटलं. सूनबाईने ते पाहिलं. त्याआधी तिनेही तेच केलं होतं.

बारा दिवसांत जिना झाला, महिनाअखेर पूर्ण परवाना आला. गादीला मात्र तुळईचा खोलगट वळ पडला तो पडलाच. सूनबाई ती बदलून देणार होती. मुख्याध्यापिकाबाईंनी नकार दिला. वळ नेमका कमरेपाशी येत होता, आणि पाठ अकरा वर्षांत पहिल्यांदा गप्प बसली होती. त्यांनी मुक्काम महिन्याने वाढवला.

सासरे आता प्रत्येक पाहुण्याला आधी जिन्यापाशी नेतात आणि अख्ख्या घराला एका गादीने कसं वाचवलं, ते तारखेनिशी सांगतात. घराच्या इतिहासातली ही त्यांनी सांगितलेली पहिली खरी गोष्ट. पाहुणे शेवटपर्यंत ऐकतात, एकमेकांकडे बघून हसतात आणि म्हणतात,

"आजोबा, थापा पुरे. ती सेनापतीची खुर्ची कुठाय?"