निर्माल्यातला मरवा

गणेश चतुर्थीच्या सकाळी यशवंतराव साकेत नगरातल्या आपल्या घराच्या गच्चीवर गेले आणि मटकन खालीच बसले. कुंड्यांतला मरवा कुणीतरी कापून नेला होता. नुसते खुंट उरले होते.

रिटायर झाल्यापासून त्यांना औषधी पानांचा नाद लागला होता. पानं सावलीत वाळवायची, अर्क काढायचा आणि त्यात अँटिऑक्सिडंट किती ते मुलीच्या, म्हणजे रसिकाच्या, कॉलेजातल्या मशीनवर तपासून घ्यायचं, असं ठरलं होतं. शेजारच्या हेमंतरावांचा शेवगाही तिथेच जाणार होता. आपला मरवा त्या शेवग्याला धूळ चारणार, हे यशवंतरावांनी मॉर्निंग वॉकला इतक्यांदा सांगितलं होतं, की आता माघार घ्यायची तर फिरायला जाणंच बंद करावं लागलं असतं.

मंडळाच्या मांडवात पाहतात तर पत्रीच्या ताटात मरव्याचा ढीग! पत्रीचं काम त्यांच्या पत्नीकडे, मंदाकिनीबाईंकडे होतं. आता देवाच्या कामावरून बायकोला बोलणार काय? त्यांनी गाल फुगवले आणि सरळ अबोला धरला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मांडवात सामसूम झाल्यावर ते पिशवी घेऊन निर्माल्याच्या टोपलीवर वाकले. जास्वंदी बाजूला सारून मरव्याची एकेक काडी वेचू लागले. देवाच्या अंगावरचं आपण चोरतोय, या लाजेने त्यांचे कान तापले होते. हात मात्र थांबत नव्हते.

"यशवंतराव, काय शोधताय?" मागे मंडळाच्या अध्यक्ष सुमित्राताई उभ्या होत्या.

"शोधत नाही. पानं... पानं वेगळी करतोय. खत होईल. तलावात नको जायला."

सुमित्राताईंचे डोळे भरून आले. "किती बढिया काम करताय हो. आणि तेही चुपचाप."

संध्याकाळी आरतीनंतर त्यांनी हे माइकवरून सांगितलं. टाळ्या पडल्या. यशवंतराव आपल्या पायांच्या अंगठ्यांकडे बघत राहिले. मग घराघरातलं निर्माल्य त्यांच्या व्हरांड्यात येऊन पडू लागलं. एक पोतं खुद्द हेमंतरावांनी वाहून आणलं आणि म्हणाले, शेवग्याचं सोडा, माणूस म्हणून तुम्ही पुढे गेलात. हे मात्र यशवंतरावांच्या फार जिव्हारी लागलं.

महालक्ष्म्या यायच्या दिवशी मंदाकिनीबाईंनी देवींसाठी सोवळ्यात बंद ठेवलेली मागची खोली उघडली. आत पंख्याखाली, पांढऱ्या मलमलीवर, कुंड्यांतला मरवा हिरवागार, कुरकुरीत वाळला होता.

"कळ्या दिसायला लागल्या होत्या," त्या म्हणाल्या. "फुलायच्या आत कापायचा, सावलीत वाळवायचा, हे तुम्हीच वर्षभर घोकत होतात. पत्रीचा मरवा मी बिट्टन मार्केटातून आणला होता. सांगणार होते, पण तुम्ही तोंड फिरवून बसलात."

यशवंतरावांना धरणीने पोटात घ्यावं असं झालं. त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "सुमित्राताईंना जाऊन खरं सांगून टाकू का?"

"आता नको. सगळी कॉलनी कौतुक करते आहे, तर विसर्जनापर्यंत निर्माल्य निवडा." मंदाकिनीबाईंनी मलमल गोळा करता करता सांगितलं. "आणि कपाटामागे लपवलेली ती पिशवीही त्यातच घ्या."