सासऱ्यांचा मेल्यावरचा फोटो

सासऱ्यांनी पेपर टेबलावर आपटला आणि जाहीर केलं, "मी मेल्यावर भिंतीवर लावायला घरात माझा एक धड फोटो नाही."

"मग मरू नका," भाजी निवडता निवडता सासूबाई म्हणाल्या.

सासरे म्हणजे निवृत्त बस कंडक्टर. उभा जन्म लोकांना पुढे सरकवण्यात गेला, त्यामुळे माणूस घरी बसला तरी आवाज अजून बसमध्येच. त्यांचा फोटो एकच, ओळखपत्रावरचा, आणि त्यात ते पाकीट मारताना सापडल्यासारखे दिसत. हाच भिंतीवर चढणार, या धास्तीने त्यांची भूक उडाली होती.

जावई नेमका जुन्या कॅमेऱ्यांचा वेडा. त्याने छाती फुगवली. "बाबा, मी काढतो. खऱ्या रोलवर! माझा कॅमेरा तुमच्या वयाचा आहे."

"म्हणजे गुडघे त्याचेही गेले असणार."

या कॅमेऱ्याची एक गंमत होती. बघायची खिडकी वेगळी आणि फोटो घेणारी लेन्स वेगळी. लेन्स कासवाच्या मानेसारखी आत जाऊन बसायची. फोटोआधी ती ओढून, पिळून बाहेर काढायची. विसरलात तरी खिडकीतून सगळं झकास दिसतं. जावई विसरला. अख्खा रोल.

फोटो आले. सगळीकडे नुसतं धुकं, आणि धुक्यात एक मिशी.

"जावईबापू, मी मेल्यावरचा फोटो म्हटलं होतं. तुम्ही डायरेक्ट भूत काढलंत."

पुढच्या रविवारी जावयाने लेन्स पुन्हा पुन्हा ओढून तपासली. आता राहिला फोकस. खिडकीत एका माणसाचे दोन दिसतात, ते रिंग फिरवून एकावर एक आणून बसवायचे.

"हलू नका बाबा, तुम्हाला दोन नाकं दिसतायत."

"मला एक पुरे. आटपा."

"अजून दीड आहे."

जावई रिंग इकडे फिरवतोय, तिकडे फिरवतोय. सासऱ्यांचं जेवण झालेलं, पाठीवर उबदार ऊन. शेवटी एकदाचं नाक एक झालं. जावयाने श्वास रोखून बटण दाबलं. त्याचं सगळं लक्ष नाकावर. नाकाच्या वरचे डोळे केव्हाच मिटले होते.

पण फोटो असा उतरला की मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा. रोल धुणाऱ्या स्टुडिओवाल्याला भरून आलं. इतकं चांगलं काम हल्ली येतं कुठे! त्याने आपल्या हौसेने मोठी प्रत काढली, उठून दिसते म्हणून काळी चौकट घातली, आणि दुकानाच्या काचेत लावून टाकली.

झालं. जाणारा-येणारा थांबला, चुकचुकला आणि सासऱ्यांच्या घराकडे वळला.

दार सासऱ्यांनीच उघडलं. समोर फुलं घेतलेला शिंपी. "कधी झालं हो?" म्हणायला त्याने तोंड उघडलं, ते उघडंच राहिलं. त्याच्या मागे जिनाभर माणसं. प्रकार सासऱ्यांच्या लक्षात आला आणि त्यांचा बसमधला आवाज मोकळा सुटला. "दारात गर्दी करू नका! आत सगळी जागा रिकामी आहे!"

बातमी ऐकून जावई धावत आला. गळ्यात कॅमेरा, तोंडावर बारा वाजलेले.

"या," सासूबाई म्हणाल्या. "माणूस मारायचा तेवढा राहिला होता, तोही मारलात."

एवढ्यात गर्दीतून एक आडवातिडवा म्हातारा आत घुसला, डोळे पुसत. हा सासऱ्यांच्या बसचा ड्रायव्हर. एकेकाळी दोघं एका डब्यात जेवायचे. मग एकदा हा पठ्ठ्या कंडक्टरला स्टॉपवर विसरून बस घेऊन गेला. सासरे भर बाजारात आपल्याच बसमागे धावले, आणि प्रवासी आतून टाळ्या वाजवत होते. तेव्हापासून बोलणं बंद ते बंदच.

ड्रायव्हर इकडेतिकडे न बघता थेट सासूबाईंपुढे उभा राहिला. "वहिनी, मला त्याची माफी मागायची होती हो. आणि हा असा निघूनच गेला."

"निघून जायची सवय तुला," मागून आवाज आला. "मला नाही."

ड्रायव्हर गर्रकन वळला. वरपासून खालपर्यंत बघितलं आणि त्याने सासऱ्यांच्या गळ्यात हात टाकून त्यांना असं आवळलं की चष्मा निसटला. "हरामखोरा, जिवंत आहेस होय! माझं रडणं फुकट घालवलंस!"

दोघं खिंकाळायला लागले. जावयाने लेन्स ओढली, दोन ड्रायव्हर आणि दोन कंडक्टर यांचे भराभर एकेक केले, आणि बटण दाबलं.

फोटो पाहून सासरे म्हणाले, "हाच." डोळे उघडे, दात दिसताहेत, माणूस दहा वर्षांनी लहान.

"पण शेजारी ड्रायव्हर आहे," सासूबाई म्हणाल्या. "त्याला कापा."

जावयाने ड्रायव्हरवर पुठ्ठा धरून बघितला. ड्रायव्हर गेला, पण सासऱ्यांच्या गळ्याभोवती एक दांडगा हात तेवढा उरला.

"कोणीतरी गळा दाबून मारल्यासारखं दिसतंय," सासूबाईंनी निकाल दिला.

सासऱ्यांनी फोन लावला. "ऐक. फोटोतून तू काही निघत नाहीस. आणि जिवंत माणूस मेलेल्याच्या भिंतीवर बरा दिसत नाही. तेव्हा आधी तू जा."

"छे!" ड्रायव्हर पलीकडून ओरडला. "माझ्या घरीही हाच फोटो ठरलाय. आधी तू!"

"मग कसं करायचं?"

"येतो संध्याकाळी. बसून ठरवू."

तेव्हापासून ड्रायव्हर रोज संध्याकाळी येतो. अजून ठरलेलं काही नाही.