नात नाकापर्यंत आली

त्या दिवशी सकाळी आम्ही दोघांनी नातीचा फोटो नाकापर्यंत पाहिला. मुलानं अमेरिकेहून कॉम्प्युटरवर पाठवला होता. वरून एकेक पट्टी उतरत होती. केस आले, कपाळ आलं, डोळे आले, नाक आलं आणि लाइन तुटली. बायको, गिरिजा, म्हणाली, "राहिलेली उद्या." कॉफी ठेवली आणि ओट्याजवळच कोसळली. खाटेजवळच्या फोनवरून मी डॉक्टरला बोलावलं. त्यांनी नाडी धरली आणि सोडली. इतकंच. कॉफीचं पाणी अजून उकळत होतं. मला आजही खरं वाटत नाही.

मी जयनगरातला शिंपी. शाळेचं आणि माझं जमलं नाही. कॉम्प्युटर तिचा. मुलगा घेऊन देऊन गेला आणि घरात स्पीड नावाची सासू आली.

मॉडेम म्हणजे फोनच्या तारेला लावलेली डबी. ती किंचाळायला लागली की गिरिजा पंखा बंद करायची, मिक्सी बंद, भिंतीवर थाप मारून शेजारच्या कमलक्कांचीही मिक्सी बंद. माझं पायमशीनसुद्धा. म्हटलं, अगं, याला वीज लागत नाही.

"डबीला हादरा बसतो की," म्हणाली.

बाहेर गिऱ्हाईक ब्लाऊजसाठी ताटकळलेलं आणि मी पाय अधांतरी धरून बसलेला. डबीला ती कानडीतून म्हणायची, बेग बा मरी, लवकर ये बाळा. मला कधी असं म्हटलेलं आठवत नाही.

खाटेजवळचा दुसरा फोन तिनंच बसवून घेतला. पडल्यापडल्या बहिणीशी बोलायला, म्हणे. तार पायात येते म्हणून ती पडद्याच्या दुमडीत शिवून टाकली. टाके इतके वाकडे, की गिऱ्हाइकांना मी तो पडदा दिसू देत नसे.

तेरावं झालं. उरलेली नात बघायची म्हणून मॉडेमवाल्याला बोलावलं. त्यानं पडदा चाचपला. म्हणाला, एका लाइनवर दोन फोन, वर तार सुईनं टोचलेली. हे काढून टाका, स्पीड येईल. गिरिजाक्कांना मागेच सांगितलं होतं.

मी हबकलोच. म्हणजे ती सगळं जाणून होती. तरी पंखा, मिक्सी, माझे पाय, सापडेल ते थांबवत बसली होती.

"मग काय म्हणाली ती?"

"नको म्हणाल्या. यांच्या छातीत कळ येते, उठून बाहेरच्या फोनपर्यंत पोचायचे नाहीत. नात येईना का स्वल्प हळू."

त्या फोनवर ती बहिणीशी एकदाही बोलली नव्हती, हे मला तेव्हा आठवलं. तो पक्कड काढायला लागला. मी त्याला कॉफी पाजून घालवून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कात्री घेऊन पडद्याशी बसलो. एक टाका उसवला. बराच वेळ तो दोरा हातात धरून होतो. मग सुई ओवली आणि तिच्याच भोकांतून टाका परत घातला, होता तसा वाकडा. पंखा बंद केला, कमलक्कांच्या भिंतीवर थाप मारली आणि डबीचं बटण दाबलं.