बर्फी संपली होती म्हणून

एक गोष्ट छातीठोकपणे सांगते. बातमी कशी सांगावी, हे माझ्याकडून शिकावं! नापास झालेल्या मुलाच्या बापाला मी असा निकाल सांगितलाय, की तो 'आभारी आहे बाई' म्हणत घरी गेलाय. त्यामुळे स्वतःची गोड बातमी सांगायची वेळ आली तेव्हा मी अगदी निवांत होते.

साल २००४. विरार पूर्वेला चंदनसारच्या एका मराठी शाळेत मी तिसरीला शिकवत होते. शिक्षणसेवक म्हणून! म्हणजे काम पूर्ण, पगार तुटपुंजा, आणि तीन वर्षं नीट वागलात तर कायम. माझी तीन वर्षं ऑगस्टमध्ये भरत होती आणि बाळ जुलैत येणार होतं. जूनपासून चौथीला माझ्याऐवजी दुसऱ्या बाई येणार, हे मुलांना आणि पालकांना माझ्याच तोंडून कळावं म्हणून मी जानेवारीतली पालकसभा निवडली. आरशासमोर भाषण पाठ केलं. नवऱ्याला, म्हणजे परेशला, एकच काम सांगितलं.

"स्टेशनवरून बर्फी आण."

परेश पेढे घेऊन आला. "बर्फी संपली होती."

"असू दे. गोडाशी मतलब!" मी म्हटलं. हे वाक्य माझं आहे, हे कबूल करते.

सभेला वर्ग गच्च भरला होता. माझ्या पाठीमागे भिंतीवर मीच रंगवलेला तक्ता, 'मुलगा-मुलगी एकसमान!' याच विषयावरचं माझं पथनाट्य तालुक्यात दुसरं आलं होतं. मी बातमी सांगितली आणि टाळ्यांचा नुसता कडकडाट! मुली लाजल्या, मुलगे एकमेकांना कोपरं मारायला लागले.

आयुष उभा राहिला. "बाई, मग बाळ आमच्याच वर्गात बसणार?"

सगळे हसले. इथवर सगळं अगदी ठरल्याप्रमाणे! मग मी डबा उघडला.

पहिला पेढा हातात पडला आणि टाळ्या थांबल्या.

आता आपल्याकडे बाळाचा पेढा म्हणजे मुलगा आणि बर्फी म्हणजे मुलगी, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मलाही होतं हो! पण ते बाळ झाल्यावर ना? पोटात असताना कशाला कोण असला विचार करतंय?

सगळे करत होते.

"पेढा?" अनुष्काची आजी, पुतळाबाई, पहिल्याच बाकावर होत्या. "बाय, पोटात पोरगा हाय ता कोनी सांगला तुला?"

"अहो आजी, कुणी नाही! ते काय झालं, बर्फी..."

"सांगितलंच असणार!" रचनाताई राऊत ताडकन उठल्या. पालक-शिक्षक संघाच्या उपाध्यक्ष! माझ्या पथनाट्यात सगळ्यात मोठ्यानं घोषणा यांच्याच. "बाई, तुम्ही तपासणी करून घेतलीत? तुम्ही? आणि त्या तक्त्याखाली उभ्या राहून पेढे वाटताय? कायद्यानं गुन्हा आहे हा!"

"देवाशपथ सांगते रचनाताई, दुकानात बर्फी संपली होती!"

"बर्फी संपली होती म्हणे! लहान मुलगी समजलात का मला?"

मी कशीबशी बाहेर पडले, तर व्हरांड्यात एक पालक, बळीराम, माझी वाट बघत उभे. आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "बाई, डॉक्टर कुठला हो? वसईतला की नालासोपाऱ्याचा? नाही, भावजयीला न्यायचं होतं. दोन्ही मुलीच आहेत हो तिला."

मला असा संताप आला, की त्यांच्या हातातला अर्धा पेढा मी काढून घेतला! खरंच काढून घेतला! "चालते व्हा इथून! आणि त्या मुलींना उद्या माझ्याकडे पाठवा, मी बघते त्यांच्या अभ्यासाचं!"

तोवर मुख्याध्यापकांचं बोलावणं आलं. फ्रेडरिक सर निर्मळचे. घरची केळीची वाडी, माणूस केळ्यासारखाच मऊ. पण त्या दिवशी त्यांनाही घाम फुटला होता. "वसुंधराबाई, ऑगस्टमध्ये तुम्हाला कायम करायचंय. रचनाताईंनी तक्रार केली तर तुमची नोकरी मीसुद्धा वाचवू शकणार नाही. काय ते निस्तरा."

निस्तरते की! घरी पोचेपर्यंत मला उपाय सुचला होता.

"उद्या सगळ्यांना बर्फी वाटायची," मी परेशला सांगितलं. "आज पेढे, उद्या बर्फी. म्हणजे मुलगा-मुलगी एकसमान. फिट्टंफाट!"

"मला वाटतं, राहू दे. विसरतील लोक."

"तू गप्प बस! तुझ्यामुळेच झालंय हे सगळं!"

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना मी फाटकात उभी राहून झाडून सगळ्यांना बर्फी दिली. पुतळाबाईंनी बर्फी घेतली, माझ्या पोटाकडे पाहिलं, पुन्हा बर्फीकडे पाहिलं आणि गालावर हात मारून घेतला.

"अगो बाय माजे! दोन हायेत!"

आणि रचनाताई धावत येऊन चक्क माझ्या गळ्यात पडल्या!

"जुळं आहे होय! मग काल बोलायचं ना! पेढा-बर्फी म्हणजे दोन, एवढंच ना? जुळं तर साध्या सोनोग्राफीत दिसतं, त्यात गुन्हा कसला! मी मेली काय समजून बसले!"

मी तोंड उघडलं, तेवढ्यात मागून फ्रेडरिक सर कुजबुजले, "बाई, तोंड मिटा."

"सर, पण एकच आहे!"

"जुलैपर्यंत तरी दोन!"

झालं! पुढचे सगळे महिने मी दोन बाळांची आई. खोटं मी एक अक्षर बोलले नाही, पण खरं बोलायची सोय उरली नव्हती. कुणी दोन कुंच्या शिवल्या, कुणी दोन खुळखुळे आणले. कणकवलीहून सासूबाईंचा फोन आला, "जुळं? आणि मला सगळ्यांच्या शेवटी कळतंय?" पुतळाबाई रोज मधल्या सुट्टीत डबा घेऊन हजर, "ह्यो एकाचा, ह्यो दुसऱ्याचा. खा मुकाट्यानं!" मी खाऊन खाऊन इतकी फुगले, की डॉक्टरांनी स्वतःच्या समाधानासाठी परत एकदा सोनोग्राफी केली. एकच!

जुलैत मुलगी झाली. मुठी आवळून अशी काही ओरडली, की थेट उपाध्यक्षच! मी हसतही होते, रडतही होते. इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता. पण आनंदातही मी सावध होते. परेशला बजावलं, "पेढे नाहीत, बर्फी नाही, गोडाचं नावच नको! फरसाण आण!"

संध्याकाळी दवाखान्यात तिघंही आले. फ्रेडरिक सर केळ्यांच्या दोन फण्या घेऊन, रचनाताई दोन झबली घेऊन. पुतळाबाईंनी पाळण्यात पाहिलं, दुपटं उचलून पाहिलं, मग वाकून खाटेखाली पाहिलं.

"दुसरा कुटं हाय?"

आता लपवणार काय! "एकच होतं, आजी. पहिल्यापासून एकच. दुकानात खरंच बर्फी संपली होती."

सरांनी डोळे मिटले. रचनाताई माझ्याकडे बघतच राहिल्या. आणि मग इतक्या जोरात हसल्या, की बाळ दचकलं. "म्हणजे माझ्या धाकानं इतके महिने दोन-दोन वागवलीत? वेड्या आहात झालं! अहो, मुलगी झालीय ना? बास! ऑगस्टमध्ये कोण तुमचं नाव अडवतंय तेच बघते!"

माझा जीव भांड्यात पडला. सरांनी तर केळंच सोललं. तेवढ्यात परेशनं हसत हसत ताटली पुढे केली.

रचनाताईंचा हात हवेतच थांबला. त्यांनी फरसाणाकडे पाहिलं. पाळण्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"मुलगी झाली," त्या सावकाश म्हणाल्या, "म्हणून गोड नाही वाटलंत?"

"परेश, धाव!" मी खाटेवरूनच किंचाळले. "बर्फी! दोन किलो!"

परेश चपला न घालताच पळाला. थोड्या वेळानं सरांचा मोबाइल वाजला. त्यांनी कानाला लावला, ऐकलं आणि हातातलं अर्धं केळं ताटलीत ठेवलं.

"बाई, परेश आहे. बर्फी संपलीय. पेढे आणू का विचारतोय."